मुशीला हाड नसतं

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं नाल्यावर झिंगे धरायला गेलो. भात कापून झालं होतं, खळ्यावर मुलगा आणि सून होते, आमचं तिथे काही काम नव्हतं. म्हातारं माणूस खळ्यावर बसलं की नुसतं आडवं येतं. बायकोने तिचं एक जुनं लुगडं काढून खांद्यावर टाकलं, मी पत्र्याचा डबा घेतला आणि निघालो.

आमचा पाडा नवापूरच्या वर डोंगरात आहे. गुजरातची हद्द तिथून जवळच. नाला पुढे रंगावली नदीला मिळतो. पाऊस सरला की त्याचं पाणी गुडघ्याखाली येतं आणि दगडांच्या आडोशाला झिंगे सापडतात. बरेचसे बोटाएवढे, एखादा वीतभर, पुढे दोन लांब नांग्या असलेला. हे धरायला दोन माणसं लागतात. लुगड्याची टोकं दोघांनी धरायची आणि मधला भाग पाण्यात झोळीसारखा सोडायचा. नवीन माणूस झिंग्याच्या तोंडासमोर झोळी धरतो आणि रिकाम्या हाताने घरी जातो. झिंगा घाबरला की पुढे पळत नाही, शेपटी आपटून मागे उडतो. म्हणून झोळी त्याच्या मागे धरायची आणि पुढचा दगड पायाने हलवायचा. मला हे माझ्या बापाने शिकवलं, मी बायकोला शिकवलं, आणि वर्षभरात ती माझ्यापेक्षा बरी धरायला लागली.

माझा उजवा गुडघा आता पाण्यात टिकत नाही. त्या दिवशी दोनदा माझ्या हातातून टोक सुटलं.

"नीट धर रे म्हाताऱ्या," ती म्हणाली. "झिंगे हसताहेत तुला."

"झिंग्याला हसायला तोंड कुठे आहे?"

"आहे तेवढं पुरतं त्याला. तुझ्यासारखं दिवसभर वापरत नाही तो."

अर्धा डबा झाला तसे आम्ही दगडावर बसलो आणि तिथेच झिंगे सोलायला घेतले. मी नांग्या आणि डोकी काढायचो, ती पाठीचं कवच सोलून काळा दोरा ओढायची. बोलणं मुशीवर गेलं. झिंगे सोलताना ते नेहमीच मुशीवर जायचं, दुसरीकडे कुठे जायची वाटच नव्हती.

तिने एक सोललेला झिंगा माझ्यासमोर धरला. "याचं सगळं हाड बाहेर. आत काडीचंही नाही. हे मानतोस ना?"

"मानतो. डोळ्यांसमोर आहे."

"मग मुशीला बाहेरही हाड नाही आणि आतही नाही, हे का नाही मानत?"

"ते डोळ्यांसमोर नाही म्हणून. बिनहाडाची मासळी उभी कशी राहील?"

"मासळी उभी राहतच नाही, खुळ्या. पोहते."

हे भांडण आमच्या मोठ्या मुलापेक्षा वयाने मोठं होतं. ते कसं लागलं ते सांगतो, कारण त्यात दोष माझा आहे.

मुशी म्हणजे समुद्रातला शार्क. आमच्या बाजारात ती येते ती सुकवून, मीठ लावून, लांब पट्ट्या करून. डोकं नाही, शेपूट नाही, लाकडाच्या ढलप्या असाव्यात तशी. आमच्याकडच्या बहुतेक माणसांनी मुशी तेवढीच पाहिलेली. मीही.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही ऊसतोडीला गुजरातेत गेलो होतो. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळ्या बांधायच्या. मला हिवताप आला आणि मी उसाच्या पाचटाच्या खोपीत पडून राहिलो. एकट्या बाईला कोयता मिळत नाही. मुकादम म्हणाला, अर्धा कोयता मला नको. तेव्हा ती दुसऱ्या तीन बायकांबरोबर समुद्राकडे गेली, मासळी कापून खारवायच्या कामाला. पंधरा-वीस दिवस ती तिथे होती. मोठा तेव्हा तिच्या पोटात होता.

परत आली तर मिठाने हाताची बोटं फाटलेली. रात्रीसाठी भाकरी थापताना तिला पीठही झोंबत होतं. पण बोलत होती खूप. बैलगाडीच्या दांडीएवढी मासळी पाहिली म्हणाली. तिचं तोंड पुढे नसतं, खाली पोटाकडे असतं. कातडी अशी खरखरीत की तिच्यावर विळा घासला तर धार लागेल. आणि कापली तर आत हाड नाही. कणा आहे, पण हाडाचा नाही, वाकतो. तिने माझा कान धरून वाकवला आणि म्हणाली, "असा. तुझ्या कानासारखा." एकीच्या पोटातून म्हणे पिल्लं निघाली होती, अंडी नाहीत, आईसारखी दिसणारी पुरी पिल्लं. हे सांगताना ती थोडी थांबली होती. का थांबली ते मी विचारलं नाही.

खोपीबाहेर आमच्या पाड्यातले सात-आठ जण शेकोटीला बसले होते. ते मला रोज टोचायचे, की हा पडून खातो आणि बायको कमावते. मला ते लागायचं. त्यांना दुसरं काही हसायला मिळालं तर बरं, म्हणून मी उठून बाहेर गेलो आणि बायकोच्या मुशीची गोष्ट सांगितली. सांगताना वाढवून सांगितली. म्हणालो, हिने समुद्रात बिनहाडाचा रेडा पाहिला, तो वासरं देतो. सगळे लोळून हसले. माझा एक जोडीदार होता, लहानपणापासूनचा, आमच्या शेजारच्या घरातला. तो म्हणाला, "अरे, ही तर दर्यावाली झाली."

ते नाव तिला चिकटलं. हंगाम संपला, आम्ही घरी आलो, नाव आमच्या आधी पोचलं होतं. दर्यावालीचं घर, दर्यावालीचा पोरगा. कुणी थाप मारली की लोक म्हणायचे, दर्यावालीची मुशी सांगू नको. ती लग्नात, मयतीत, बाजारात सगळीकडे दर्यावाली राहिली. ओ द्यायची. पण मुशीचं बोलणं तिने बाहेर बंद केलं, फक्त माझ्याशी करायची.

मी दर वेळी नाहीच म्हणायचो. बाजारातली पट्टी शिजवून तिने माझ्या ताटात टाकली की मी म्हणायचो, हाडं काढून विकतात. ती म्हणायची, "वजनावर विकणारा माणूस हाड काढून फेकेल? डोकं चालव." तरी मी नाहीच म्हणायचो.

दोन वर्षांपूर्वी सुनेने मोबाइलवर मुशी दाखवली. मी पहिल्यांदा पुरी मुशी पाहिली तेव्हा. तोंड खालीच होतं. सून वाचून म्हणाली, "बाबा, इथे लिहिलंय. आई म्हणतात तेच खरं, हाड नसतं. मागे पोहताही येत नाही म्हणे, पुढेच जाते."

बायको लगेच म्हणाली, "बघ. झिंगा मागे पळतो, मुशीला मागे फिरता येत नाही. तू झिंगा आहेस."

"लिहिणारा मुशीच्या पोटात जाऊन आला होता का?" मी म्हणालो आणि उठून गुरांकडे गेलो.

खरं सांगायचं तर मला त्या दिवशी कळलं होतं. त्याच्या आधीही कळलं होतं. पण इतकी वर्षं नाही म्हटल्यावर हो कोणत्या तोंडाने म्हणायचं? माणूस त्यातच अडकून बसतो. मनात होतं, कधीतरी म्हणू, तू खरी होतीस. नुसतं तिला नाही, शेजारच्या जोडीदारालाही ऐकवू. घाई कसली, असं वाटायचं.

तिने मात्र सोडलं नव्हतं. बाजारात शहरातली एक मुसलमान बाई सुकी मासळी घेऊन बसते. तिच्या सासूपासून तोच धंदा. बायको दर बाजाराला तिला विचारायची, कण्यासकट मुशी आली का? ती म्हणायची, नाही आली. नाल्यावर गेलो त्याच्या आदल्या दिवशी आम्ही बाजाराला गेलो तर तिने लांबूनच हाक मारली आणि पोत्याखालून एक तुकडा काढला.

"हाई देख बाई, तुन्हासाठे राखी ठेयेल शे. कणासंगे शे."

बायकोने तो तुकडा उलटा-पालटा करून पाहिला. मधोमध पांढऱ्या मण्यांची रांग दिसत होती, मिठाने माखलेली. मला वाटलं तिथेच माझ्या नाकाशी धरेल. पण तिने तो कागदात बांधला, वर प्लास्टिकची पिशवी घालून गाठ मारली. घरी आल्यावर चुलीवरच्या दांडीला पिशवी टांगली. म्हणजे तो तुकडा तिथे टांगलेला असताना आम्ही दुसऱ्या दिवशी नाल्यावर बसून झिंगे सोलत होतो.

"आज मुशी करते," ती दगडावरून उठताना म्हणाली. "कणा तुझ्या दाताखाली देते. मग बोल काय बोलायचं ते."

"आज झिंगे ताजे आहेत," मी म्हणालो. "झिंगा संध्याकाळपर्यंत वास मारेल. मुशी सुकलेली आहे, ती काय पळून जाते? उद्या कर."

"उद्या तू दुसरं काही काढशील."

"नाही काढत."

"बघ हं."

"उद्या म्हणालो ना."

तिने लुगडं पिळलं आणि खांद्यावर टाकलं. चढावर ती पुढे होती. पायऱ्या केलेल्या ठिकाणी थांबून तिने मला हात दिला. हे रोजचंच होतं म्हणून लिहायचं राहणार होतं.

घरी येऊन तिने लसूण-मिरची वाटून झिंगे केले. नागलीची भाकर होती. मी तीन भाकरी खाल्ल्या, ती एक. उरलेले झिंगे संध्याकाळसाठी झाकून ठेवले. मग ती ओसरीवरच्या बाजेवर आडवी झाली आणि मी दारातल्या सावलीत बसून कोयत्याला मूठ बसवत राहिलो.

ऊन कलल्यावर मी म्हणालो, चहा ठेव. ती बोलली नाही. पुन्हा म्हणालो. मग मागे वळून न बघता म्हणालो, "बहिरी झालीस का?" हे माझं तिच्याशी शेवटचं बोलणं. त्यात बदल करता येत नाही, म्हणून आहे तसं लिहिलं.

मुलगा-सून खळ्यावरून धावत आले. मुलाने मोटारसायकलवर जाऊन उपकेंद्रातल्या सिस्टरला आणलं. तिने हात लावला आणि माझ्याकडे न बघता मुलाकडे बघितलं. दिवस मावळायच्या आत उरकायचं ठरलं. लाकडं आमच्याकडे होती, तिनेच पावसाळ्याआधी रचून ठेवलेली.

आमच्याकडे घरात मयत झाली की चूल विझवतात. शिजवलेलं अन्न, भरलेलं पाणी, सगळं बाहेर ओततात. दिवसकार्य होईपर्यंत त्या घरात काही शिजत नाही, मासळी-मटण तर नाहीच. शेजारपाजारचे आणून घालतात. बायका घर झाडत होत्या, पुरुष माणसं अंगणात बसली होती. माझा तो जोडीदार मोबाइलवर पाहुण्यांना कळवत होता. चांगल्या मनाने कळवत होता, रडूनही झालं होतं त्याचं. त्याला ऐकू कमी येतं म्हणून तो ओरडून बोलतो.

"आमची दर्यावाली गेली हो... दर्यावाली... अहो तीच, ती बिनहाडाच्या मासळीची गोष्ट... हो हो, तीच."

पलीकडचा माणूस हसला असावा, कारण जोडीदारही जरा हसला आणि मग त्याला मी दिसलो. त्याने फोन खाली केला. मला राग त्याचा आलाच नाही. ती घरात जमिनीवर होती, तिला ऐकू येत नव्हतं, पण त्या फोनवरून तेच नाव गावोगाव चाललं होतं. तिच्याबरोबर ते जळणार नव्हतं. ती गेली आणि थापाडी म्हणून गेली, आणि ज्याने तिला थापाडी केलं तो मी दारात बसून लोकांचे हात हातात घेत होतो.

नदीवरून परत आल्यावर मी आत जाऊन चुलीवर पाहिलं. दांडी रिकामी होती. विचारलं तर सुनेची मावशी म्हणाली, "वास येत होता दाजी. माणसं येणार, म्हणून झिंग्यांबरोबर तीही पिशवी उकिरड्यावर टाकली."

मी ओसरीवर बसून राहिलो. लोकांना वाटलं मी बायकोसाठी बसलोय, आणि ते खरंही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फटफटल्यावर मी काठी घेतली आणि उकिरड्यावर गेलो. झिंग्यांचा कणसुद्धा उरला नव्हता, कुत्र्यांनी पातेलं पुसावं तसं पुसून नेलं होतं. पिशवी सापडेना. शेण, राख, फुटकं गाडगं, सगळं काठीने उचकलं. गुडघे टेकून हाताने उचकलं. मुलगा दारात आला.

"बाबा, काय करताय?"

"शोधतोय."

"काय?"

"तुझ्या आईची मुशी."

तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मला हाताला धरून उठवावं की नाही, हे त्याला कळेना. मग तोही खाली बसला आणि शोधायला लागला. पिशवी उकिरड्याच्या मागे करवंदीच्या जाळीत मिळाली. कुत्र्याने ओढत नेली होती. एक कोपरा फाडून मांस खाल्लं होतं, पण तिने मारलेली गाठ सुटली नव्हती. कणा शाबूत होता.

मी तो धुतला, कुत्र्याने चावलेला भाग कापून टाकला आणि अंगणात तीन दगड मांडून पाणी ठेवलं. घरातली चूल मी पेटवली नाही, एवढं पाळलं. धूर पाहून सून आली. "बाबा, सुतक आहे. लोक काय म्हणतील?"

"लोकांनी चाळीस वर्षं म्हणून झालं," मी म्हणालो. "मीठ नको आणू. आहे त्यात."

ती आत गेली आणि पितळी आणून माझ्याजवळ ठेवून गेली.

मुशी शिजायला वेळ लागला नाही. मी मांस बाजूला केलं आणि कणा हातात घेतला. गरम होता. दोन्ही टोकांना धरून वाकवला तर वाकला. सोडला तर सरळ झाला. दाताखाली धरला तर कुरकुरला आणि तुटला. हाड असं तुटत नाही. मी दुसऱ्या हाताने माझा कान चाचपून पाहिला. ती बरोबर सांगत होती.

जोडीदार चहाची किटली घेऊन आला. सुतकाच्या घरी सकाळचा चहा शेजाऱ्याने द्यायचा असतो. त्याने दगडांवरचं पातेलं पाहिलं, मला पाहिलं आणि किटली खाली ठेवली.

मी कण्याचा तुकडा त्याच्या हातात दिला. "वाकव."

"काय आहे हे?"

"मुशीचा कणा. वाकव म्हणतो ना."

त्याने वाकवला. "मऊ आहे," तो म्हणाला.

"मऊ नाही. नीट बघून सांग."

त्याने पुन्हा वाकवला, सोडला, उजेडाकडे धरून पाहिला. "हाड नाही रे हे," तो म्हणाला.

"काल जितक्यांना फोन केलास तितक्यांना आज पुन्हा कर. हेच सांग. आणि हेही सांग की ती गोष्ट मी वाढवून सांगितली होती. रेडा मी म्हणालो होतो, ती नव्हती म्हणाली."

"आज? सुतकात?"

"आजच. उद्या म्हणू नको."

तो तिथेच उकिडवा बसला, खिशातून मोबाइल काढला आणि पहिला नंबर लावला. त्याचा आवाज पाड्याच्या टोकापर्यंत जात होता. "हां, काल फोन केलेला ना, त्याच्याबद्दल... नाही नाही, दुसरं कुणी नाही गेलं... अहो ती मुशीची गोष्ट..." मी ऐकत होतो.

ऐकता ऐकता मी उरलेली मुशी खाल्ली. तोंडात घालवत नव्हती इतकी खारट. आधी गरम पाण्यात भिजवून ते पाणी दोनदा बदलायचं असतं, ती बदलायची. मला माहीत होतं, लक्षात राहिलं नाही. तरी सगळी खाल्ली, पितळी धुतली आणि पालथी घातली. तिचं जुनं लुगडं कुंपणावर वाळत होतं ते काढून आणलं. घडी घालायलाही दोन माणसं लागतात त्याला. मी एक टोक खुंटीला अडकवलं आणि घडी घातली.